बायजाबाईला न सांगितलेली बदली

मदर सुपिरियरनी नाश्त्यानंतर मला ऑफिसात बोलावलं आणि टेबलावरचं पत्र माझ्याकडे सरकवलं. माझी बदली झाली होती, अमरावतीकडच्या आमच्या संघाच्या दुसऱ्या घरी.

"उद्या पहाटेची एस.टी. आहे," त्या म्हणाल्या. "आज नव्या सिस्टर फिलोमिनाला रिपोर्ट दे."

"आणि आपल्या म्हाताऱ्यांना काय सांगू?"

"नियम माहीत आहे ना तुला?"

माहीत होता. मी कॅथलिक धर्मभगिनी, शिवाय शिकलेली नर्स. ज्यांना कोणी नाही अशा म्हाताऱ्यांना सांभाळणं हे आमच्या संघाचं काम. महाराष्ट्र नवा नवा होता तेव्हा चिखलीच्या वेशीबाहेर आमचं एक घर होतं. पाच सिस्टर आणि चौदा म्हातारे. आज्ञापालनाचं व्रत घेतलेलं असल्यामुळे बदलीला "का" विचारायचं नसतं. आणि त्या काळी असा नियम होता की जाणाऱ्या सिस्टरनं म्हाताऱ्यांचा निरोप घ्यायचा नाही. ते रडतात, त्यांचं बीपी चढतं. शिवाय सिस्टरचा जीव सगळ्यांवर सारखा हवा, एकात अडकायला नको.

नियम वाईट हेतूनं केलेला नव्हता. आणि ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, मला तो सोयीचाच वाटला. बायजाबाईसमोर उभं राहून "जाते" म्हणायची माझ्यात हिंमत नव्हती.

बायजाबाई वरवट बकाल गावची. घरचा भाजीचा मळा, जन्मभर वांगी-मेथीची टोपली घेऊन आठवडी बाजार केलेले. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेले. तीन वर्षांपूर्वी पुतण्यानं तिला आमच्या ओसरीवरच्या बाकड्यावर बसवलं, "काकू, बस इथं, बाजार करून येतो" म्हणाला आणि गेला तो गेलाच. बाई दोन दिवस अन्नाला शिवली नाही. "तो आला का जेवीन," एवढंच. बाकीच्या सिस्टर म्हणत होत्या, येईल हो तो. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. मी म्हटलं, "आजी, तो येणार नाही."

तिनं मांडीवरचं गाठोडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "हे आधीच सांगाचं व्हतं. आन भाकर."

पुढे तिला लकवा झाला. डावं अंग गेलं आणि गिळणं अवघड झालं. अशा पेशंटला भरवणं दिसतं तेवढं सोपं नसतं. घास चुकून श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसात उतरतो, न्यूमोनिया होतो आणि म्हातारं माणूस त्यातून उठत नाही. म्हणून पाठीला उशी देऊन बसवायचं, हनुवटी जराशी खाली, चमचा छोटा, आणि गळ्याची गाठ वर जाऊन खाली येईपर्यंत दुसरा चमचा भरायचा नाही. एका वाटीला पाऊण तास लागतो. दीड वर्ष मी तिला दोन्ही वेळा असं भरवत होते. सिस्टरचा जीव एकात अडकू नये म्हणतात तो असाच अडकतो, चमच्या-चमच्यानं.

त्या दिवशी मी फिलोमिनाला रिपोर्ट दिला. रिपोर्ट म्हणजे ड्यूटी बदलताना एका नर्सनं दुसरीला पेशंटची सगळी हकीकत सांगायची. वहीत आठ पानं लिहिली. कोणाला कोणती गोळी, कोणाच्या पाठीला किती वेळा तेल, बायजाबाईची उशी, चमचा, हनुवटी. फिलोमिना वसईकडची, नुकतीच ट्रेनिंग संपवून आलेली, अगदी मन लावून शिकणारी. काही राहिलं नाही याची मी दोनदा खात्री केली. स्वतःवर खूशही झाले.

संध्याकाळी बायजाबाईला ज्वारीच्या कण्या भरवत होते.

"आज चमचा काऊन सांडून राह्यला वं?" तिनं विचारलं.

"दमले, आजी."

"मंग झोप लवकर. उद्या बोलू."

मी "हो" म्हटलं.

पहाटेची गाडी पकडली. नव्या घरी कामाची कमी नव्हती, त्यामुळे दिवस गेले. आठव्या दिवशी चिखलीच्या मदरचं पोस्टकार्ड आलं. त्या मंगळूरच्या, मोजकं लिहीत. "बायजाबाई तू गेल्यापासून खात नाही. पाण्याचे घोट तेवढे घेते. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली, ती तिनं उपटली. भरवणं तुझ्या वहीप्रमाणेच चालू आहे. वहीत काही राहिलं आहे का?"

कार्ड हातात घेऊन मी तशीच इथल्या मदरकडे गेले.

"मला दोन दिवस चिखलीला जाऊ द्या."

"कशाला? जी काही पद्धत असेल ती पत्रानं कळव."

"पद्धत कळवलेली आहे. निरोप राहिलाय."

"निरोप घेत नाहीत आपल्यात."

"तेवढ्यासाठीच ती उपाशी आहे, मदर."

त्यांनी माझ्या हातातलं कार्ड घेऊन वाचलं. "दोन दिवस," म्हणाल्या. "आणि या आवाजाबद्दल परत आल्यावर प्रायश्चित्त."

खामगावला गाडी बदलून चिखलीला पोचेपर्यंत दुपार टळली होती. फिलोमिना फाटकातच रडायला लागली. "सिस्टर, मी सगळं वहीप्रमाणे केलं हो. तोंडच उघडत नाहीत त्या."

"माझ्याबद्दल तिनं विचारलं असेल. काय सांगितलंत?"

"मला काही सुचेना. स्वयंपाकाच्या सखूबाई म्हणाल्या, सांग की बाजाराला गेल्यात, येतील. तेच सांगितलं."

मी तिथेच पायरीवर बसले. सखूबाईचा काय दोष? ती गेल्या दिवाळीनंतर कामाला लागलेली. फिलोमिनाला काय ठाऊक, मदरही नंतरच आलेल्या, आणि तेव्हाच्या बाकीच्या सिस्टर एव्हाना बदलून गेलेल्या. पुतण्याचा बाजार त्या घरात फक्त मला माहीत होता आणि आठ पानांत त्याबद्दल एक ओळ नव्हती. कशी असेल? मी औषधांचा रिपोर्ट लिहीत होते.

बायजाबाई खाटेवर निम्मी झाली होती. ओठ फुटले होते, श्वास घेताना छातीत बारीक घरघर. ती घरघर ऐकून नर्सला जे कळायचं ते मला कळलं, न्यूमोनियानं धरलं होतं. मी तिच्या हनुवटीखाली अंगठा धरला, रोज धरायचे तसा.

तिची मान वळली. आवाज जेमतेम फुटत होता.

"आली का वं? हा कोणता बाजार हाय, नऊ दिस झाले तरी उठत नाई?"

मला रडू फुटलं. नर्सनं पेशंटसमोर रडायचं नसतं, हाही एक नियमच. म्हटलं, "बाजार नव्हता, आजी. माझी बदली झाली. मी न सांगता गेले. आता परत यायची नाही, उद्या जाणार."

मग उजव्या हातानं चाचपत तिनं माझं मनगट धरलं.

"मंग सांगून जाचं ना, माय. मी काय तुले बांधून ठेवली असती? बाजाराले गेली म्हणते मले ते पोरगी. जन्मभर बाजार केले म्या. मले नाई समजत?"

"चुकलं माझं."

"हाव, चुकलं." तिनं मनगट सोडलं नाही. "आन काय आनलं ते."

चार चमचे खाल्ले. पाचवा मी फिलोमिनाच्या हातात दिला. बायजाबाईला फरक कळला. तोंड जरा थांबलं, आणि उघडलं.

दुसऱ्या दिवशी निघताना मी तिच्या कानाशी वाकून "जाते" म्हटलं. ती म्हणाली, "जाते नाई म्हनू, येते म्हन. येऊ नको, पन म्हन."

मी "येते" म्हटलं आणि निघाले.

बारा दिवसांनी मदरचं दुसरं कार्ड आलं. बायजाबाई गेली. शेवटपर्यंत फिलोमिनाच्या हातून खात होती, पण छातीनं साथ दिली नाही. नऊ दिवसांची उपासमार त्या वयात भरून निघत नाही. खाली एक ओळ जास्तीची होती: रिपोर्टच्या वहीत आता प्रत्येक नावापुढे एक रकाना आखला आहे, "म्हाताऱ्याला सांगितलं का?" संघाचा नियम बदलायला पुढे बरीच वर्षं लागली. मदरनी त्याची वाट पाहिली नाही. बायजाबाईला मात्र त्या रकान्याचा काही उपयोग नव्हता.

प्रायश्चित्त मला मिळालं, आठवडाभर भांडी. घासली. ज्या चुकीबद्दल मिळायला हवं होतं, तिच्याबद्दल कोणी दिलं नाही.

आता मी स्वतः आमच्याच एका घरात खाटेवर आहे. गुडघे गेले, हात कापतो, घास भरवावा लागतो. गेली दोन वर्षं भरवणारी सिस्टर परवा माझ्याजवळ येऊन बसली. बदली झाली म्हणाली. कुठे, कधी, तिच्या जागी कोण येणार, सगळं सांगितलं. मी खूप रडले. बीपी चढलं.

पण संध्याकाळी जेवले.