बायो बोटीवर करत नाही

आमच्या कुत्रीला आम्ही एकच गोष्ट नीट शिकवली. घरात करायचं नाही. भांडुपला चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या कुत्र्याला हे शिकवावंच लागतं, कारण आमच्या सोसायटीच्या मिटिंगमध्ये पाण्याच्या टाकीपेक्षा कुत्र्यांवर जास्त वेळ जातो. लिफ्ट बंद असली तर ती गपचूप चार मजले उतरायची. पावसात कंपाउंडमध्ये पाणी साचलं तर ओसरेपर्यंत खिडकीपाशी बसून राहायची. आल्यागेल्याला मी हे कौतुकाने सांगायचे, "एक थेंब नाही हो घरात," आणि ती बाजूला बसून शेपूट आपटायची.

नवरा तिला बायो म्हणतो. तो मालवणकडचा, लाडात आला की घरातल्या सगळ्या बाईमाणसांना बायो म्हणतो, मला सोडून. निवृत्त झाल्यावर त्याने अंधेरीच्या एका मित्राबरोबर अर्ध्या भागीत जुनी शिडाची बोट घेतली. मढच्या खाडीत, कोळ्यांच्या होड्यांमागे ती उभी असते, लग्नात चुकून शिरलेल्या माणसासारखी. सासरे कोकणातून बोटीने मुंबईला आले आणि गिरणीत लागले. मुलाला आता त्याच पाण्यावरून उलटं जायचं होतं. गाड्यांसकट माणसांना पलीकडे नेणारी मोठी बोट भाऊच्या धक्क्यावरून सुटते, असं मी सुचवून पाहिलं. पण हौसेपुढे कुणाचं काही चालत नाही.

जानेवारीत आम्ही मढहून निघालो. किनाऱ्याच्या कडेकडेने मुरूडपर्यंत जायचं, वाटेत एखाद्या गावासमोर नांगर टाकून मुक्काम करायचा, असा बेत होता. आमच्या बोटीवर नवरा, अंधेरीचा मित्र, मी आणि बायो. बोरिवलीचं एक जोडपं त्यांच्या मोठ्या बोटीतून सोबत होतं. किनाऱ्याला जायची रबरी होडी त्यांच्याकडे होती, कारण आमच्याकडे ती ठेवायला जागा नव्हती. सकाळ-संध्याकाळ त्या होडीतून बायोला वाळूवर न्यायचं आणि मोकळं करून आणायचं, असं ठरलं होतं. मधल्या वेळेसाठी नवऱ्याने नर्सरीतून लॉनचा एक तुकडा आणला, ट्रेमध्ये घालून डेकवर बांधला आणि तिला हुंगायला लावलं. तिने हुंगला, दोनदा गोल फिरली आणि त्यावर झोपली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. जिथे आपण झोपतो, जेवतो, ते घर. बोट म्हणजे घर, हे तिने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.

पहिला मुक्काम छान झाला, संध्याकाळी बायो वाळूवर मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी अलिबागच्या वाळूवर उतरवलं तेव्हा गावातली पाच-सहा कुत्री धावून आली. बायो शेपूट पायांत घालून, काही न करताच पळत परत होडीत चढली. "होईल गं पुढे," नवरा म्हणाला, आणि आम्ही निघालो. मी तेव्हाच अडून बसायला हवं होतं की नाही, कोण जाणे. आदल्या वर्षी तिला मूतखडा झाला होता, नळी घालावी लागली होती, आणि तुंबवून ठेवू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण वारा छान होता. वारा छान असला की त्या दोघा पुरुषांना दुसरं काही ऐकू येत नाही.

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे यांतला फरक मी पाठ केला होता. एक समुद्रावरून वाहतो, एक जमिनीवरून. पण एक संपून दुसरा सुरू होईपर्यंत काहीच वाहत नाही, आणि त्या वेळात माणूस बोटीत बसलेला असू शकतो, हे पुस्तकात नव्हतं. काशीदच्या समोर आलो आणि शीड लोंबायला लागलं. बोरिवलीवाले बरेच पुढे गेले होते. त्यांचाही वारा तिथेच संपला, आणि त्यांच्या बोटीला इंजिनच नव्हतं. मित्राने इंजिन सुरू करायला दोरी ओढली. पुन्हा ओढली. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. बोट मागे वाहायला लागली म्हणून आम्ही नांगर टाकला.

"टेन्शन नका घेऊ वहिनी, दुपारी वारा येतोच," मित्र म्हणाला.

"वाऱ्याचं मला काही पडलं नाहीये, भावजी. तिचं काय ते सांगा."

बायो तोवर फेऱ्या मारायला लागली होती. पुढच्या टोकाला जायची, थांबायची, परत यायची. प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायची. घरी ती असं करते तेव्हा मी पट्टा घेते आणि चपला घालते. इथे पट्टा घेऊन मी कुठे जाणार होते? तरीही घेतला. पट्टा बघून ती इतकी खूश झाली की मला स्वतःचाच राग आला.

समोर काशीदचा किनारा स्वच्छ दिसत होता. वाळूवर माणसं फिरत होती, कुणीतरी उंटावर बसलं होतं. तिलाही ते दिसत असणार, कारण ती तिकडे तोंड करून बारीक आवाजात रडायला लागली. नवरा शर्ट काढायला लागला, तिला घेऊन पोहत जातो म्हणून. मित्राने त्याचा दंड धरला. "यार, वेडा आहेस का? लाटा बघ तिकडे. तुला तलावातच दम लागतो." नवरा खाली बसला. तो भांडला नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं.

वॉकीटॉकीवरून बोरिवलीची बाई सल्ले देत होती. रबरी होडी वल्हवत एवढ्या लांब यायची आणि उलट्या प्रवाहात परत जायची त्यांचीही छाती नव्हती, त्यामुळे सल्ल्यांवर भागवत होती. गवत ओलं करा. तिच्याकडे बघू नका. पाण्याचा आवाज करा. आम्ही सगळं केलं. मी बादलीतून बादलीत समुद्र ओतत बसले. शेवटी नवरा बोटीच्या मागच्या कडेला जाऊन उभा राहिला, "बघ गो बायो, असा करूचा," म्हणाला आणि प्रात्यक्षिक दिलं. मित्रानेही दिलं. मी पाठ वळवली. बायोनेही सभ्यपणे मान वळवली. एरवी मी या गोष्टीवर वर्षभर हसले असते.

मासेमारीची एक बोट लांबून जात होती. आम्ही टॉवेल हलवले. त्यांनीही हात हलवले, हसले आणि गेले. बिनकामाची हौशी माणसं मजेत आहेत, असंच त्यांना वाटलं असणार.

फोनला थोडी रेंज आली तेव्हा मी भांडुपच्या डॉक्टरांना लावला. पोटावर अलगद दाब देऊन बघा, नाहीच झालं तर ताबडतोब घेऊन या, ते म्हणाले. कशातून घेऊन येऊ, हे विचारेपर्यंत रेंज गेली. मी तिच्या पोटाला हात लावला. कलिंगडासारखं घट्ट होतं. दाबलं तर ती कळवळली आणि मग माझा हात चाटला. तेव्हा मी हात टेकले. आयुष्यात मी पुष्कळांशी भांडून कामं करून घेतली आहेत, रेशनिंगच्या बाबूपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत. इथे भांडायला कुणी नव्हतं. वाऱ्याला शिव्या देऊन झाल्या होत्या.

"कर ना गं राजा," मी म्हणत होते. "कर. कुणी काही बोलणार नाही." पण माझ्या आवाजात काळजी होती, आणि काळजी आणि राग कानाला सारखेच लागतात. मी जितकी विनवणी करत होते तितके तिचे कान मागे जात होते. तिला वाटत होतं मी तिला ताकीद देतेय. मग मी बोलणंच सोडलं. ती मरेल असं मला पहिल्यांदा तेव्हा वाटलं. चांगल्या वळणापायी, आमच्या डोळ्यांसमोर मरेल, आणि आम्ही तिघं तिच्याभोवती बसून बघत राहू.

ऊन कलायला लागलं. बायोच्या फेऱ्या थांबल्या. तिचे मागचे पाय थरथरत होते. ती माझ्याजवळ आली आणि माझ्या मांडीवर चढायला लागली. एवढं धूड कधीच मांडीवर बसलेलं नव्हतं. मी तिला धरून घेतलं. तिने तोंड माझ्या काखेत घातलं, तिचं सगळं अंग एकदा ताठ झालं, आणि माझ्या मांडीवर गरम ओल पसरली. थांबेचना. पँट भिजली, बसायची गादी भिजली, डेकवर ओघळ गेला. मी हलले नाही. रडत होते, आणि त्या दोघांना हातानेच खूण केली की झालं.

नवरा गुडघ्यांवर आला. "शाबास गो बायो, शाबास," म्हणत तिच्या पाठीवर हात फिरवायला लागला. मित्राने वॉकीटॉकीवर बातमी दिली, पलीकडून टाळ्या ऐकू आल्या. आणि वाऱ्यालाही तेव्हाच यायचं होतं. शीड फडफडलं, मग भरलं. दोघे नांगराकडे धावले. सगळे मोठमोठ्याने बोलत होते, हसत होते.

बायो मात्र माझ्या मांडीवरून उतरली आणि अंग चोरून बसली. डोकं खाली, कान डोक्याला चिकटलेले. नवऱ्याने पुन्हा येऊन शाबास म्हटलं तर ती अजून दबली. मी ट्रेमधलं गवत दाखवलं, बिस्किट पुढे केलं. तिने बघितलंही नाही. "तू काही चूक केली नाहीस गं," मी म्हटलं, पुन्हा म्हटलं. यातले बाकीचे शब्द तिला कळत नव्हते, आणि जो एक कळत होता, 'नाही', तो आम्ही तिला लहानपणीच शिकवून ठेवला होता.

मग ती सरपटत पुढे आली आणि माझी ओली पँट चाटायला लागली. मी तिचं तोंड बाजूला केलं, ती पुन्हा आली. पँट झाली, गादी झाली, डेकवरचा ओघळ झाला. बोट छान पळत होती. मुरूड येईपर्यंत ती सगळं पुसून काढत होती.