‘आपण’ म्हणजे कोण?

तिला सगळे खोडरबर म्हणायचे. तोंडावर ‘ताई’, पाठ फिरली की खोडरबर. तिला ते माहीत होतं, आणि त्याचं तिला फारसं वाईटही वाटत नसे. दुकानदाराने मोठ्या हौसेने जाहिरातीच्या दहा ओळी लिहून आणाव्यात, हिने त्याच्यासमोरच नऊ खोडाव्यात आणि उरलेल्या ओळीवर बोट ठेवून म्हणावं, “हे खरं आहे. बाकीचं घरी बायकोला वाचून दाखवा.” आता बोला!

धंदा ऑनलाइन जाहिरातीचा. जागा म्हणजे फरशांच्या गोदामावरची एक खोली. खाली ट्रक रिकामा व्हायला लागला की वर टेबलावरचा चहा हलायचा. दोन टेबलं, मागच्या भिंतीकडे उघडणारी एक खिडकी आणि अंगठ्याने ढकलल्याशिवाय कागद न घेणारा प्रिंटर. सोळा वर्षं ती छापखान्यात मुद्रितं तपासत होती. छापखान्याला कुलूप लागलं तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची होती. रडत बसायचा तिचा स्वभाव नव्हता, दुसऱ्यांना रडवायचा होता. तिने एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि गादीवाल्या काकूंच्या दुकानाचं ऑनलाइन पान सुरू केलं.

गिऱ्हाईक घेण्याआधी ती त्याच्या दुकानात तीनदा फोन करायची. सकाळी, भर दुपारी आणि दुकान बंद व्हायच्या वेळी. नाव सांगायची नाही, एखादी साधी चौकशी करायची. किल्लीवाल्याने तिन्ही वेळा फोन उचलून “काय आहे?” असं विचारलं. ती त्याच्या टपरीवर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “तुम्हाला जाहिरातीची गरज नाही. फोनवर माणसासारखं बोलायची गरज आहे. आधी ते शिका, मग महिन्याने या.” तो भडकला, त्याने तिला नाही नाही ते ऐकवलं, आणि महिन्याने आला. गिऱ्हाईक फोनपर्यंत आणून सोडायचं आणि तिथे वसकन त्याच्या अंगावर जायचं, तर जाहिरात करायचीच कशाला, असं तिचं म्हणणं. चुकीचं काय होतं त्यात?

तिचे बाकीचे हट्टही असेच. विकतचे फोटो नाहीत. स्वतः दुकानात जाऊन, उजेड बघून, काकूंचे कापूस पिंजणारे हात टिपायचे. एका जाहिरातीत एकच गोष्ट सांगायची. थोडक्या खर्चात आठवडाभर दोन वेगवेगळ्या ओळी चालवून बघायच्या, आणि जी पडेल ती काढून टाकायची, मग ती स्वतः लिहिलेली का असेना. ज्याने स्वतःहून नंबर दिला नाही त्याला निरोप पाठवायचा नाही. कुणी पानावर वाईट लिहिलं, तर पेलाभर पाणी प्यायचं, तासभर थांबायचं आणि दोनच वाक्यांत उत्तर द्यायचं. पहिल्या वाक्यात माफी, दुसऱ्यात काय दुरुस्त केलं ते. हे ती सगळ्यांना शिकवायची. स्वतः मात्र भांडताना घोटभर पाणी कधी प्यायली नाही. किती गिऱ्हाइकं येतील, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, “मी काही ज्योतिषी नाही.”

दोन वर्षांनी तिचा धाकटा भाऊ आला. त्याने आधी विमा विकून पाहिला होता, मग फोन, मग पाण्याचे फिल्टर. जिभेवर खडीसाखर. “ताई, तू आतलं बघ, मी बाहेरचं बघतो,” तो म्हणाला. तिला ते पटलं, कारण लोकांशी गोड बोलणं तिला जन्मात जमलं नव्हतं. खोटं कशाला बोला, पहिल्या सहा महिन्यांत त्याने पाच नवीन दुकानं आणली. मग एके दिवशी दारावर पाटी लागली. पाटीवर त्याचं नाव, खाली ‘संचालक’. तिचं नाव कुठेच नाही. विचारलं तर म्हणे, “जागा पुरली नाही गं.” आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो याहून वेगळा नसतो.

मग त्याने शिवणक्लासच्या पानावर पाच हजार फॉलोअर विकत आणले. तिला कळलं तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “पाच हजार माणसं, आणि एकीलाही सुईत दोरा ओवायचा नाही! यातली एक तरी क्लासला येणार आहे का?”

“आकडा दिसतो ना मोठा? लोक आकडा बघतात.”

“आकड्याला ब्लाउज शिवायचाय का?”

त्याने हसून फोन उचलला आणि दुसऱ्याशीच बोलायला लागला. पालथ्या घड्यावर पाणी.

याच सुमारास एका सकाळी फिजिओथेरपीचे डॉक्टर जाहिरातीची चौकशी करायला खोलीवर आले. भावाने त्यांना खुर्ची दिली, स्वतःची ओळख करून दिली, आणि कॉम्प्युटरसमोर बसलेल्या बहिणीकडे मान वळवून म्हणाला, “आणि ही आमची टायपिंगवाली.”

डॉक्टरांनी मान डोलावली, तिनेही डोलावली.

त्याच दुपारी प्रिंटरमध्ये करारनामा छापून पडला होता. भावाने तो स्वतः लिहिला होता. तिच्या हाती दिला असता तर लाल पेनाने कागद रक्तबंबाळ झाला असता, म्हणून त्याने तिला दाखवलाच नव्हता. पण समोर छापलेला कागद आणि तिने तो वाचायचा नाही, हे शक्य तरी होतं का? त्यात लिहिलं होतं: ‘आपण खाली सही करावी. पान, पासवर्ड, फोटो, मजकूर आणि ग्राहकांची यादी ही आपली मालमत्ता राहील. व्यवहार थांबल्यास ती आपल्याच ताब्यात राहील.’

तिला चूक लगेच दिसली. भावाच्या मनात ‘आपली’ म्हणजे ‘आम्हा कंपनीवाल्यांची’. पण वरच्या ओळीत दुकानदाराला मोठ्या अदबीने ‘आपण’ म्हटलं होतं, त्यामुळे खालची मालमत्ताही सरळसरळ दुकानदाराची झाली होती. एक शब्द बदलला की काम झालं असतं. तिने लाल पेनाचं टोपण काढलं. मग परत लावलं, कागद होता तसा प्रिंटरमध्ये ठेवला आणि टेबलाशी जाऊन बसली. छापखान्यातली सोळा अधिक इथली तीन, एवढ्या वर्षांत डोळ्यांनी दिसलेली चूक तिने मुद्दाम सोडली ती ही पहिलीच.

पुढे तीन वर्षांत त्या कागदावर एकेक करून बारा दुकानदारांच्या सह्या झाल्या. भाऊ प्रत्येक सहीनंतर कागद फाइलला लावायचा आणि खुशीत शीळ घालायचा. ती बघायची आणि तोंडात मूग धरून बसायची.

ठिणगी पडली ती किल्लीवाल्यावरून. भावाने त्याच्या जाहिरातीत ‘दहा मिनिटांत दारात हजर’ असं लिहिलं. तिने खोडलं. त्याने परत लिहिलं. एका बाईचं दार ओढलं जाऊन ती बाहेर अडकली, आत गॅसवर दूध. किल्लीवाला शहराच्या दुसऱ्या टोकाला, पोहोचायला दीड तास लागला. तोवर दूध करपून भांडं काळं, घरभर धूर आणि शेजारी गोळा. त्या बाईने किल्लीवाल्याला चारचौघांत असं काही धुतलं की तो तिथून तडक खोलीवर आला, आणि बहीणही त्याच्या बाजूने उभी राहून भावावर ओरडली. “दहा मिनिटांत तू तरी कधी कुठे पोहोचलायस का रे? उचलली जीभ लावली टाळ्याला!”

भावाचा चेहरा पडला. गिऱ्हाइकासमोर अपमान. किल्लीवाला गेल्यावर तो शांतपणे म्हणाला, “उद्यापासून येऊ नकोस.”

“कुणाला सांगतोयस?”

“तुला. पाटी वाच बाहेरची.”

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी गेली. तिच्या चावीने कुलूप उघडलं, पण एकही पान उघडेना. भावाने सगळे पासवर्ड बदलले होते. वर बाराही दुकानदारांना निरोप: ‘ताईंची तब्येत बरी नसल्याने त्यांनी काम थांबवले आहे.’ ठणठणीत बाईला त्याने एका ओळीत आजारी पाडलं! ज्या भावाला हिने हात धरून शाळेत पोहोचवलं, त्याची ही करामत. आईचा फोन आला, “तू मोठी आहेस, तू नमतं घे.” तिने फोन ठेवून दिला.

ती आता सत्तेचाळीसची होती. सहा वर्षांचं काम त्या बारा पानांत होतं. काकूंचे हात, किल्लीवाल्याने सुधारलेली भाषा, एकेक माणूस विचारून विचारून जमवलेल्या याद्या. ते गेलं तर तिच्याकडे एक पिशवी आणि एक लाल पेन उरणार होतं. या वयात परत पहिल्यापासून सुरुवात करायची ताकद आपल्यात नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिला भीती वाटली. तिने पिशवी उचलली आणि गादीच्या दुकानात गेली.

“काकू, तुमचा तो करार काढा.”

काकूंनी गल्ल्याखालून कागद काढला. तिने ओळीवर बोट ठेवलं. “हे वाचा. ‘आपली मालमत्ता’. आपली म्हणजे कुणाची?”

“माझीच की! तो मला ‘आपण’ म्हणतोय ना? मी तेव्हा म्हटलंसुद्धा, बरा मुलगा आहे, माझं मला ठेवतोय.”

ताईला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. काकूंनी ते पाहिलं आणि पाणी द्यायच्या ऐवजी चपला घालून बाकीच्या दुकानदारांकडे निघाल्या.

चौथ्या दिवशी ताईबरोबर नऊ दुकानदार जिना चढून आले. खोलीत उभं राहायला जागा नव्हती. भावाने करार वाचला, पुन्हा वाचला, आणि त्याचे कान लाल झाले. “आपली म्हणजे आमची! कंपनीची! अर्थ समजून घ्या ना.”

“असं होय?” किल्लीवाला म्हणाला. “मग वर ‘आपण सही करावी’ लिहिलंय, ती तुम्हीच करायची होती. आमची कशाला घेतलीत?”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

“शब्दांचे खेळ करताय तुम्ही!”

“शब्द तुमचेच आहेत, दादा,” काकू म्हणाल्या. “आमचं आम्हाला द्या. नाहीतर हाच कागद वकिलाला दाखवते.”

त्याने दोनदा बहिणीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेरच्या भिंतीकडे बघत होती. शेवटी त्याने नऊ चिठ्ठ्यांवर नऊ पासवर्ड लिहिले. ज्याला त्याला आपापली चिठ्ठी मिळाली, आणि नऊच्या नऊ जणांनी ती तिथेच ताईच्या हातात दिली. राहिलेले तिघे भावाकडेच थांबले. त्यांना आकडे आवडायचे.

लोक उतरून गेले. ती आपलं सामान गोळा करायला लागली. प्रिंटर तिचा होता, कॉम्प्युटर तिचा होता, एक खुर्चीही तिचीच होती. भाऊ तिच्या खुर्चीवर करार घेऊन बसला होता.

“ताई.”

“ऊठ, खुर्ची न्यायचीय.”

“हा कागद छापला तेव्हा तू इथेच होतीस.”

“होते.”

“तू वाचला असशील. तू औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा सोडत नाहीस. तुला तेव्हाच दिसलं असेल.”

ती थांबली. नाही म्हणता आलं असतं. “दिसलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

हे उत्तर तिने तीन वर्षं तयार ठेवलं होतं. “त्या दिवशी सकाळी तू डॉक्टरांना सांगितलंस, ही आमची टायपिंगवाली.”

“कधी?” तो म्हणाला. तो खरंच आठवून बघत होता. त्याला काही आठवत नव्हतं, हे त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. मग त्याने कागद टेबलावर टाकला. “म्हणजे मी तुला या आठवड्यात काढलं. तू मला तीन वर्षांपूर्वीच काढून ठेवलं होतंस, आणि रोज दुपारी समोर बसून माझ्याबरोबर डबा खात होतीस.”

तिच्याकडे बोलायला पुष्कळ होतं. पाटी होती, आजारपणाचा निरोप होता, बदललेले पासवर्ड होते. एकेक काढून त्याच्या अंगावर फेकता आलं असतं.

“हो,” ती म्हणाली. “ठेवलं होतं.”

आणि ती प्रिंटरची वायर काढायला टेबलाखाली वाकली. वायर केव्हाच निघाली होती, तरी ती तशीच वाकून राहिली. वर त्याच्या तोंडाकडे बघायची तिची हिंमत होत नव्हती.