तीन पुकारे

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आधी नोकरी जाईल म्हणून, मग लोक काय म्हणतील म्हणून. आता पंच्याहत्तरी उलटली, म्हणून लिहितोय.

आमच्या अर्जनवीस काकांइतका कोर्टाला भिणारा आणि कोर्टावाचून न करमणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. कोर्टाच्या व्हरांड्यात बसून ते लोकांचे अर्ज लिहीत. पिशवीत कायद्याचा जाडजूड इंग्रजी कोश. धुऱ्यासाठी, म्हणजे शेताच्या बांधासाठी, भांडणारा कास्तकार समोर बसला, की त्याला आधी ऐकवत, "दिवाणीत दावा करते तो वादी. समुद्राच्या कोर्टात त्यालेच म्हणते लायबलंट. चर्चच्या कोर्टात प्रमोव्हंट!" एकदा कारंज्याच्या ढाब्यावर त्यांनी एका ट्रकवाल्याला सांगितलं, की समुद्राचं कोर्ट मालकाला सोडून जहाजालाच अटक करतं. तो बिचारा अर्धी रोटी टाकून ट्रक घेऊन पळाला.

मी त्या कोर्टात शिपाई. दाराशी उभं राहून नाव तीनदा पुकारायचं. वादी आला नाही, तर दावा खारीज. या पुकाऱ्याची काकांना भारी धास्ती. म्हणत, "लायबलंटापाशी धरून ठेवाले जहाज असते, प्रमोव्हंटापाशी देव. आमच्या वादीपाशी काय हाय? तुहा गळा!"

पुढे ते स्वतःच वादी झाले. शेजाऱ्यानं त्यांच्या वावराचा रस्ता काट्या टाकून बंद केला होता. तारखेच्या दिवशी, लघवीला उठावं लागेल या भीतीनं, काकांनी सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं. दुपारी ओठ पांढरे पडले.

"काका, टपरीवर च्या घेऊन या. तुमचा नंबर दूर हाय."

"अन् पुकारा झाला त?"

"मी बलावतो ना! भेता काऊन एवढे?"

ते गेले आणि आधीची चार प्रकरणं पाच मिनिटांत उरकली. फाटकापलीकडे टपरी. पण दार सोडलं म्हणून जज्जसाहेब सकाळीच माझ्यावर बरसले होते; दार सोडायची माझी छाती झाली नाही. मी तिथूनच तीनदा ओरडलो. काका चहाचा ग्लास हातात घेऊनच धावत आले. तोवर दावा खारीज झाला होता.

दावा पुन्हा लावून घ्यायचा, तर गैरहजेरीचं सबळ कारण लिहावं लागतं. त्यात माझं नाव येणार, हे मी धरूनच चाललो होतो. अर्ज आत न्यायला माझ्याच हातात आला. लोकांसाठी दहा कारणं शोधणाऱ्या त्या माणसानं स्वतःसाठी लिहिलं होतं, 'माझ्या हलगर्जीपणामुळे.' अर्ज फेटाळला गेला.

"तुही लेकरं लहान हायेत," एवढंच ते म्हणाले. त्यानंतर नाल्याच्या चिखलातून वावरात जात राहिले. मला मात्र लायबलंट पुन्हा कधी ऐकवला नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या गावी गेलो. काका अंगणात बाजेवर होते, नजर गेलेली. पावलं ऐकून त्यांनी मान वळवली.

"कोण हाय?"

मी फाटक धरून उभा.

"कोण हाय गा?"

'काका, चूक माझी होती,' एवढंच म्हणायचं होतं.

"अरे, कोण हाय?"

तीनदा विचारलं त्यांनी. मी हजर होतो. गळा उघडला नाही.