दोन नावांचा उखाणा

आमच्या नवघरच्या सोसायटीतल्या हिराबाई कोतवडेकर कथा लिहायच्या आणि बोलायच्या अशा, की जणू समोर माईक आहे. "मी दोनदा प्रेम केलं, बरं का! दोन्ही वेळा शुद्धीत!" हे त्यांच्या आवाजाची नक्कल करत मी जिन्यात इतक्यांदा म्हटलंय, की एकदा त्यांच्या सुनेने, रसिकाकाकूने, आतून "आले हं आई!" अशी ओ दिली.

पहिले उत्तमराव, नवरा. ते गेल्यावर काही वर्षांनी भेटले छापखान्यातले महिपतराव. दर रविवारी दोघं स्कूटरवरून उत्तनच्या समुद्रावर फिरायला जायची. हिराबाई आजींनी आत्मचरित्रात सगळं लिहिलं आणि ब्याण्णवच्या संक्रांतीला सोसायटीच्या हळदीकुंकवात तेच पुस्तक वाण म्हणून वाटायला आणलं. विधवेला हळदीकुंकवाला कोण बोलावतं? आजी न बोलावता आल्या.

"आई, पुस्तकं वाटा, पण उखाणा नको हं," रसिकाकाकू कुजबुजली. "इथे आपल्याला राहायचंय."

"मग मी काय हवापालट करायला आलेय?" म्हणत आजींनी पदर खोचला.

"तिळगुळाच्या ताटात हलव्याची रास,
उत्तमरावांनंतर महिपतराव खास!"

सगळ्या बायका ताटातला तिळगूळ निवडायला लागल्या. शेजारच्या हंसाबेन तेवढ्या गुजरातीत म्हणाल्या, "अरे वाह! फरीथी बोलो ने, परत एकदा!" मग हशा पिकला. कुंकवाचा करंडा मात्र आजींपाशी येऊन थांबला. यजमानीण रसिकाकाकूकडे बघायला लागली. काकूने करंडा तिच्या हातातून घेतला आणि स्वतः सासूला कुंकू लावलं.

"अगं, ठसठशीत लाव," आजी म्हणाल्या, "पलीकडच्या बिल्डिंगमधूनही दिसलं पाहिजे!"