भिंतीवर हात ठेवला की

“दोन दिवस सुट्टी टाकलीस तर तुझी बँक बुडणार नाही. गुमान ये!” नगमानं फोनवर दटावलं आणि मी अकोल्याहून सकाळची एसटी धरली. नगमा माझी कॉलेजातली मैत्रीण, अमरावतीची. चित्रं काढते आणि सर्किटंही जोडते. चांदूर रेल्वेजवळच्या एका खेड्यात तिनं तिथल्या बायकांसोबत बोलणारी भिंत केली होती.

अमरावतीला उतरून आधी गिला वडा हाणला. तो चुकवाल तर तुमचं तुम्ही बघा. पुढे चांदूरपर्यंत बस आणि तिथून काळीपिवळी जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई घरीच ठेवून या. दोन्हीकडे पिवळी फुललेली तूर, वर विरळ धुकं. कुठे चाललेय तेच मी विसरून गेले.

शाळेच्या भिंतीवर बायकांच्या हातांचे ठसे होते, वीज वाहून नेणाऱ्या काळ्या रंगातले. ठशावर हात ठेवला की त्या बाईचा आवाज येतो. नाव कुठेच नाही. इथल्या सुना भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, तोंड उघडत नाहीत. म्हणून नगमानं त्यांचं म्हणणं चुलीपाशी बसून रेकॉर्ड केलं होतं.

दुपारी सरपंच आले. त्यांनी एका ठशावर हात ठेवला.

“माही पोरगी औंदा दहावीत हाये. पुढं चांदूरले शिकतो म्हणते. एसटी फाट्यावरच सोडते, तिथून रानातून थे एकटी कशी येइन? घरचे म्हणतेत, शाळा बंद करा. तुमी एसटी गावात आणा ना!”

सरपंचांनी तीनदा ऐकलं. “मुद्द्याचं बोलून रायली बाई. कोण हाय थे? ग्रामसभेत काहून नाई येत?”

बायका पदराआड खुसखुसल्या. नगमानं कानात सांगितलं, आवाज मंगलाताईंचा, सरपंचांच्या धाकट्या भावाच्या बायकोचा. त्या तिथेच उभ्या होत्या. एका आवारात अठरा वर्षं राहून या माणसाला तिचा आवाज ओळखू येऊ नये? आणि शाळा बंद करा म्हणणाराही हाच!

“मीच बोलली थे, भाऊजी.”

सरपंच वळले नाहीत. भिंतीकडेच बघत म्हणाले, “मंग शिकू दे पोरीले. एसटीचं मी पाह्यतो.” अहो, माझे तर डोळेच भरून आले.

घरी परतल्यावर कितीतरी दिवस मी तरंगतच होते. परवा नगमाचा फोन आला. एसटी अजून गावात येत नाही. पण पोरगी अकरावीत गेली, आणि फाट्यावरून तिला आणायला सरपंच स्वतः मोटारसायकल काढतात. मंगलाताईंचाही निरोप होता:

“थो माहा आवाज पुसून टाका भिंतीतला. आता मी जाते ना सभेत.”