आत्याचा मंत्र आणि डाव्या कानाचा इअरफोन

हरवलेली वस्तू परत मिळवायचा मंत्र आमच्या घरात फक्त आत्याला येतो. तो छापील पुस्तकातही असतो, पण लागू पडतो तो तिनेच म्हटला तर, असा सगळ्यांचा समज आहे. पुराणातल्या हजार हातांच्या एका राजाला ती डोंबिवलीतल्या आपल्या देवघरातून कामाला लावते. आधार कार्ड, दातांची कवळी, स्कूटरची किल्ली, कशासाठीही नातेवाईक तिला फोन करतात. तिची अट एकच. वस्तू कोणती, रंग कोणता, शेवटची कुठे पाहिली, सगळं खरं सांगायचं.

"हात हजार असले तरी डोकं एकच आहे त्याला," ती म्हणते. "गोंधळवायचं नाही."

मी हरवली होती नथ. वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात ट्रॅडिशनल डे होता आणि मी आईला न विचारता तिच्या कपाटातली नथ लावून गेले. जेवताना पुरी आणि नथ यांचं जमेना, म्हणून ती काढली. पुढचं आठवत नाही. ऑफिसात कुणाला विचारलंही नाही. दीड वर्षात मी तिथे एसी कमी करा असंसुद्धा कधी म्हटलेलं नाही.

आत्याला सांगणं त्याहून कठीण होतं, कारण नथ आजीची, म्हणजे तिच्या आईची. आजीनंतर ती सुनेकडे, माझ्या आईकडे आली. तेव्हापासून प्रत्येक लग्नात आत्या आईशी बोलते ती तिच्या नाकाकडे बघून. आणि येत्या रविवारी आत्याच्याच मुलाचं लग्न होतं. त्या दिवशी आईच्या नाकात नथ नसली, तर काय होईल याचा विचार मी करत नव्हते.

आधी मी मंत्र स्वतःच म्हणून पाहिला. बाथरूमचं दार लावून, मोबाइलवर, इंग्रजी अक्षरांत. काही झालं नाही. राजा इंग्लिश मीडियमचा नसावा.

शेवटी आत्याला फोन केला आणि ऐनवेळी धीर सुटला.

"आत्या, माझा इअरफोन हरवलाय. एका कानाचा."

"कुठल्या?"

"डाव्या. पांढरा आहे."

हे खोटं नव्हतं. तो खरंच कित्येक महिने सापडत नव्हता. मला वाटलं, राजा घरात शिरलाच आहे तर नथही दिसेल त्याला.

दोन दिवसांनी वॉशिंग मशीनच्या रबरातून इअरफोन निघाला. डाव्या कानाचाच. चालतही होता.

त्याच संध्याकाळी घरी आले तर आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून डाळींचे डबे परातीत उपसत होती. वर्तकनगरच्या आमच्या त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती.

"काय शोधतेयस?"

"कुकरची शिट्टी," ती म्हणाली. "आत्यालाही फोन केलाय तिच्यासाठी."

तेवढ्यात गॅसवरच्या कुकरने शिट्टी दिली. आई पुन्हा तूरडाळीत हात घालून चाचपायला लागली, आणि मला कळलं की नथ आपल्याच हातून कुठेतरी गेली असं तिला वाटतंय. मी जिन्यात जाऊन आत्याला फोन लावला.

"आत्या, इअरफोन नाही. म्हणजे तो सापडला. नथ हरवलीय. आईने नाही, मी."

पलीकडे मिक्सर चालू होता. मग तो बंद झाला.

"तरीच तुझी आई शिट्टीसाठी फोनवर रडवेली झालेली. ऑफिसात विचारलंस कुणाला?"

"नाही."

"मग आता काय राजाला वागळे इस्टेटला पाठवू? त्याला गेटवर सोडतील? उद्या तू विचार, मी इथे मंत्र म्हणते. आणि सापडली तर रविवारी ती मी लावणार. आईला सांगून ठेव."

दुसऱ्या दिवशी मी पॅन्ट्रीत तीन चकरा मारल्या. चौथ्या वेळी तिथल्या मावशींना म्हटलं, "मावशी, एक नथ..."

त्यांनी चहापत्तीच्या डब्यामागून टिश्यूची पुडी काढली. "पाच दिवस झाले गं बाई. मी रोज एकेकीच्या नाकाकडे बघते. कोण विचारेल तर शपथ."

घरी येताना वाटलं, गुपचूप तूरडाळीत टाकावी, आईला आपोआप सापडेल. पण डाळ तिने परत भरून ठेवली होती आणि आता रवा चाळायला घेतला होता. मी पुडी तिच्या हातावर ठेवली आणि सगळं सांगितलं, आत्याच्या अटीसकट. पहिल्या भागावर ती मला पुष्कळ बोलली. अट ऐकल्यावर मात्र ती पुन्हा रवा चाळायला लागली.

रविवारी नथ आत्याच्या नाकात होती. आई तिच्याशी छान हसून बोलत होती, सगळा वेळ तिच्या नाकाकडे बघत.