अण्णांचे डोळे

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. आईला नाही, होस्टेलच्या खोलीतल्या मित्रालाही नाही. तुम्हाला का सांगतोय? बहुतेक तुम्ही अण्णांना ओळखत नाही, म्हणून.

अण्णा म्हणजे माझे वडील. लोह्याजवळच्या आमच्या गावात गवंडीकाम करतात. घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला – नांदेडला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करतो. गावात सगळे मला इंजिनेर म्हणतात. पहिल्या वर्षाचा एक विषय राहिलाय, हे कुणाला ठाऊक नाही. पण तो कबुलीजबाब नव्हे. ते सांगणं सोपं होतं.

दोन वर्षांपूर्वी अण्णांनी जुनी व्हॅन घेतली. बारा वर्षं वापरलेली, पण आमच्या गल्लीतली पहिली चारचाकी. आत्या – अण्णांची थोरली बहीण, त्यांची आई लवकर गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं – तिला त्यांनी पुढच्या सीटवर बसवून गावभर फिरवलं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो, तर अण्णा म्हणाले, "बाळू, रातच्याला उजव्या अंगाला मधीच अंधार पडायलाय. लोह्याचा मिस्त्री म्हणतो, हेडलाईटचा सगळा सेट बदला. साडेचार हजार. तू बघ बरं."

गल्ली जमली. शेजारचे नामदेवकाका हसत म्हणाले, "घरचा इंजिनेर आसताना मिस्त्रीचं घर कशाला भरतुस?"

मी टेस्टर घेतला. बॉनेट उघडलं. खरं सांगू? आत काय बघायचं, मला कळत नव्हतं. वर्गात आम्ही फळ्यावर मोटार शिकलो होतो, गाडीची वायरिंग कधी हाताळली नव्हती. लाईट लावला – दोन्ही दिवे समोरच्या भिंतीवर स्वच्छ पडले. तेव्हा "मला नाही कळत" एवढंच म्हणायचं होतं. चार माणसांपुढे ते तीन शब्द निघाले नाहीत.

मी म्हणालो, "लाईट ठीक आहे. मिस्त्री फसवतोय. अण्णा, तुम्ही डोळे तपासून घ्या."

लोक हसले. नामदेवकाका म्हणाले, "म्हातारा झालास की रं." अण्णाही हसले. मग गाडीकडे न बघता त्यांनी डोळे चोळले – ते मी पाहिलं. आणि मला काय वाटलं? सुटलो, असं वाटलं.

पुढच्या महिन्यात लोह्याहून येताना त्यांना रस्त्यातली म्हैस अगदी जवळ गेल्यावर दिसली. त्यानंतर त्यांनी दिवेलागणीनंतर गाडी चालवणं सोडलं. आईनं फोनवर सांगितलं. मी म्हणालो, बरं केलं.

माघात एका संध्याकाळी, मी नांदेडला असताना, आत्याच्या छातीत कळ आली. गाडी दारात उभी. अण्णा चावी घेऊन बसले, गाडी चालू केली – आणि खाली उतरले. "मला दिसत न्हाई. हिला घिऊन कुठंतरी घालीन," म्हणाले. गावात दुसरी गाडी तेव्हा नव्हती, चालवणारंही दुसरं कुणी नव्हतं. अॅम्ब्युलन्स यायला दीड तास लागला. आत्या नांदेडच्या अलीकडेच गेली.

लगेच नेलं असतं तर वाचली असती का? माहीत नाही. या प्रश्नाच्या आडोशाला मी पुष्कळ दिवस बसलो. आता बसत नाही.

तेराव्यानंतर ब्रेकच्या कामासाठी मीच व्हॅन नांदेडला नेली. गॅरेजवाल्यानं सहज लाईट लावून पाहिला आणि उजव्या दिव्यावर तळहातानं थापटलं. दिवा विझला. पुन्हा थापटलं – लागला. मागं बल्बला वायर जोडतात तो कपलर जळून काळा झाला होता. "उभ्या गाडीत लागंल, खड्ड्यात गेली की जाईल. कोणी बघितलं न्हाई का?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, नाही. कपलर आणि मजुरी मिळून साडेतीनशे रुपये झाले. काम संपायला मी चहा पिऊन येईपर्यंतचाच वेळ लागला.

घरी मी फक्त ब्रेकचं सांगितलं.

अण्णा आता फार बोलत नाहीत. आत्याचं नाव निघालं की उठून बाहेर जातात. एकदा आईला म्हणाले, "माझ्या डोळ्यानं खाल्लं तिला." मी तिथंच जेवत होतो. जेवत राहिलो.

मागच्या महिन्यात मी त्यांना लातूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. का नेलं? डॉक्टरच सांगतील, मला सांगावं लागणार नाही – असं काहीतरी मनात असेल. डॉक्टरांनी नीट तपासलं. म्हणाले, "लांबचं उत्तम दिसतंय. वाचायला तेवढा चष्मा लावा."

अण्णा कागद हातात धरून बाहेरच्या बाकावर बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाळू, डोळं चांगलं हायत म्हणतो ह्यो. मग मला दिसत का नव्हतं रं?"

याहून सोपं कुणी कधी विचारलं नव्हतं. आसपास गल्ली नव्हती, हसायला कुणी नव्हतं. आम्ही दोघंच होतो.

मी म्हणालो, "अण्णा, हे इथं उजेडात तपासतात. रस्त्यावरच्या अंधाराचं यांना कळत नाही."

त्यांनी मान हलवली. "हाव," म्हणाले. "तू शिकलेला हायस." आणि डॉक्टरांचा कागद घडी घालून माझ्याकडे दिला.